लेकराची वाचा डब्यात मिळत नाही

हा लेख दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवून सुरू करता आला असता. पण तो माझ्यापासूनच सुरू करावा लागेल.

रिसोड तालुक्यातल्या एका गावात १४ एप्रिलची मिरवणूक होती. डीजे एवढा जोरात होता की घरांवरचे पत्रे थरथरत होते. डीजेच्या गाडीपासून दहा पावलांवर एक ताई अडीच वर्षांचं लेकरू खांद्यावर घेऊन उभी होती आणि लेकरू गाढ झोपलेलं होतं. आम्ही कार्यकर्ते हसलो. "खरा भीमसैनिक आहे, डीजेलाही भीत नाही!" ताईही हसली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, हे अजून बोलतच नाही. डाक्तरनं पावडर लिहून देली, पण लय महाग आहे हो." जयंतीच्या वर्गणीतले थोडे पैसे उरले होते. त्यातून आम्ही पावडरचे तीन डबे घेतले, लेकराच्या हातात दिले, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. दिवसभर निळ्या हृदयांचा पाऊस पडला.

त्या लेकराला ऐकू येत नव्हतं.

हे आम्हाला पावणेदोन वर्षांनी कळलं. अकोल्याला कानाची तपासणी झाली तेव्हा. दोन्ही कान. जन्मापासून. मधल्या काळात त्या घरानं काय केलं नाही? पावडरचे डबे आणले. 'बुद्धी वाढवणारं' सिरप पाजलं. माशाच्या तेलाच्या गोळ्या टाचणीनं फोडून दुधात पिळल्या. पुष्य नक्षत्राला सोन्याचे थेंब पाजायला नेलं. आजीनं वेखंड उगाळून जिभेला चोळलं. हे सगळं जिभेसाठी आणि मेंदूसाठी. कानामागे उभं राहून एकदा टाळी कुणी वाजवली नाही. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं आहे, दहा वर्षं वस्त्यांमध्ये काम करतो. डीजेशेजारी झोपलेलं लेकरू माझ्या डोळ्यांसमोर होतं. मीही वाजवली नाही. मी डबा दिला.

म्हणून आज हे लिहितो आहे. माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. लेकरू बोलत नाही, लेकराला घास गिळता येत नाही, हा पावडरचा प्रश्न नाही. तो तपासणीचा, थेरपीचा आणि हक्काचा प्रश्न आहे. आणि तो आंबेडकरी चळवळीचा प्रश्न आहे. आजपर्यंत आपण तो आपला मानलेला नाही.

आधी आईवर खापर फोडणं बंद करा

असं काही लिहिलं की आपल्यातलेच शिकलेले लोक लगेच म्हणतात, "लोक अडाणी आहेत, जाहिरातीला भुलतात." मित्रांनो, ती आई अडाणी नाही. ती हिशेब करते. आपण करतो त्यापेक्षा जास्त करते.

तिच्यासमोर काय आहे ते बघा. डबा तालुक्याच्या प्रत्येक मेडिकलमध्ये आहे. आता तर मोठ्या गावच्या किराणा दुकानातही आहे. स्पीच थेरपिस्ट कुठे आहे? जिल्ह्याच्या ठिकाणी कुणी बसतो का, कोणत्या वारी बसतो, हे सांगणारा माणूस तिला भेटत नाही. डबा घ्यायला अर्धा तास लागतो. थेरपीला जायचं तर एका दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, धाकटं लेकरू शेजारणीकडे ठेवावं लागतं, आणि तेही एकदा नाही, आठवड्याला, महिनोन्महिने. दवाखान्यात दोन मिनिटं मिळतात. त्या दोन मिनिटांत डॉक्टर चिठ्ठीवर काहीतरी लिहून देतो. चिठ्ठी हातात आली की आईला वाटतं, उपचार सुरू झाला. दुसरी वाट दिसत नाही म्हणून ती डबा घेते. डबा घेणं हे तिच्या प्रेमाचं माप आहे, अज्ञानाचं नाही.

पण या प्रेमाची किंमत बघा. चारशे ग्रॅमचा डबा सहाशे-सातशे रुपयांना पडतो. रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये ठरली. म्हणजे एक डबा म्हणजे दोन दिवसांचं पूर्ण काम, आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे पाजला तर तो आठवडाभरही पुरत नाही. मग आई काय करते? दोन चमच्यांच्या जागी अर्धा चमचा टाकते. डबा महिना जातो. त्यातून लेकराला ना ताकद मिळते ना वाचा. मिळते फक्त साखर आणि आईला समाधान.

आणि दुसरीकडे शासनाचा हिशेब. अंगणवाडीतल्या लेकराच्या पूरक पोषणासाठी केंद्रानं २०१७ मध्ये दर ठरवला, दिवसाला ८ रुपये. तीव्र कुपोषित लेकरासाठी १२ रुपये. बाजार आईला सांगतो सातशेचा डबा घे, शासन सांगतं आठ रुपयांत भागव. या दोघांच्या मध्ये आपलं लेकरू उभं आहे.

डबा काय म्हणतो आणि कायदा काय म्हणतो

डब्याच्या पुढच्या बाजूला हसणारं लेकरू असतं. मेंदू, उंची, ताकद असे मोठे शब्द असतात. तोच डबा उलटा करा. पूरक आहाराच्या उत्पादनांवर बारीक अक्षरात एक वाक्य छापावं लागतं, 'नॉट फॉर मेडिसिनल यूज'. औषधी वापरासाठी नाही! भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी हे बंधनकारक केलं आहे. म्हणजे कंपनी स्वतः लिहून देते की हे औषध नाही. फक्त ते इंग्रजीत लिहिते, आणि डब्याच्या मागे लिहिते.

'हेल्थ ड्रिंक' या शब्दाचंही तेच. अन्नसुरक्षा कायदा २००६ मध्ये 'हेल्थ ड्रिंक' असा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना कळवलं की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा. आपल्या दोन पिढ्यांनी ज्या डब्याला आरोग्य समजून पैसे मोजले, तो कायद्याच्या लेखी आरोग्याचा डबा कधीच नव्हता.

आणि 'आपलं ते नैसर्गिक' म्हणणाऱ्यांनाही सांगतो. वेखंडात बीटा-असारोन नावाचा घटक असतो. त्याच्या घातक परिणामांमुळे अमेरिकेनं १९६८ पासून अन्नात वेखंड वापरायला बंदी घातली आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नका, असं जगभरचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, कारण त्यातल्या जिवाणूमुळे बाळाला लकव्यासारखा जीवघेणा आजार होऊ शकतो. बाटलीतलं असो की सहाणेवरचं, प्रश्न एकच विचारायचा. यानं लेकरू बोलतं हे कुणी, कसं तपासलं?

अमेरिकेतही हेच झालं

हा प्रश्न फक्त आपल्या वस्तीचा आहे असं समजू नका. अमेरिकेत 'स्पीक' नावाचं एक सप्लिमेंट विकलं जात होतं. त्यात ओमेगा-३ आणि ई जीवनसत्त्व. न बोलणाऱ्या लेकरांना, स्वमग्न लेकरांना बोलतं करतं, असा दावा. २०१५ च्या जानेवारीत तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं त्या कंपनीला पकडलं. दाव्याला पुरावा नव्हता. 'संशोधनाची वेबसाइट' म्हणून जी दाखवत होते ती कंपनीचीच होती. ज्या पालकांचे अनुभव छापले होते त्यांतल्या काहींना माल फुकट मिळाला होता. ३६ लाख ८० हजार डॉलरचा निवाडा झाला. ऐपत नाही म्हणून शेवटी कंपनीनं भरले २ लाख डॉलर.

या कल्पनेला बळ देणारा एक अभ्यासही २००९ मध्ये छापून आला होता. १८७ लेकरं. जवळपास सगळ्या पालकांनी सांगितलं की फरक पडला. मग अडचण काय? अडचण ही की, ज्यांना गोळी दिली नाही अशा लेकरांचा तुलनेसाठी गटच नव्हता. दोन वर्षांचं लेकरू सहा महिन्यांनी अडीच वर्षांचं होतं. काहीही दिलं नाही तरी त्यातली बरीच लेकरं चार शब्द जास्त बोलतात. त्या सहा महिन्यांत तुम्ही गोळी दिली तर श्रेय गोळीला जातं, गंडा बांधला तर गंड्याला जातं. स्वमग्नतेवर ओमेगा-३ चा उपयोग होतो का, यावरचे अभ्यास २०११ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं एकत्र तपासले. नीट केलेले प्रयोग सापडले दोन, त्यात मिळून लेकरं ३७, आणि उपयोग होतो असा पुरावा नाही.

तथागतांनी कालामांना काय सांगितलं होतं ते आपण प्रत्येक धम्मवर्गात ऐकतो. परंपरेनं आलं म्हणून, ग्रंथात लिहिलं म्हणून, मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. मग ही कसोटी आपण फक्त भगताला आणि पोथीला लावायची का? पांढरा कोट घातलेल्याला आणि चकचकीत डब्याला ती लागू नाही का? २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, आपण त्याचं स्वागत केलं. लेकराच्या दंडावरचा गंडा आपण काढला. पण त्याच लेकराच्या हातात डबा दिला. पुरावा न मागता बांधलेला गंडा आणि पुरावा न मागता पाजलेली पावडर यांत मला तरी फरक दिसत नाही. गंडा निदान दहा रुपयांत येत होता.

मग पूरक आहार सगळाच खोटा का?

नाही. आणि हे स्पष्ट सांगितलं नाही तर मीही दुसऱ्या टोकाचा अंधश्रद्ध ठरेन.

लोह लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या १०० लेकरांमागे जवळपास ६९ लेकरांमध्ये रक्तक्षय आढळला. ३५ लेकरं वयाच्या मानानं बुटकी आढळली. रक्त कमी असलेलं लेकरू मरगळतं, खायला मागत नाही, शिकण्यात मागे पडतं. त्याला लोहाचं औषध द्यायलाच हवं, आणि ते सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे फुकट मिळतं. आयोडीन लागतं, म्हणून मीठ आयोडीनयुक्त घ्यायचं.

बी-१२ चं उदाहरण तर प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असावं. सहा महिने ते दीड वर्षाचं बाळ. आधी हसत होतं, बसत होतं. हळूहळू हसणं थांबतं, मान धरेनासं होतं, रंग फिका पडतो, बोटांची पेरं काळवंडतात, केस विरळ होतात, मग हातपाय थरथरतात. डॉक्टर याला इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम म्हणतात. बहुतेक वेळा आईच्या अंगात बी-१२ नसतं, त्यामुळे दुधात नसतं, आणि बाळाला वरचं अन्न सुरू झालेलं नसतं. वेळेत ओळखलं तर बी-१२ च्या इंजेक्शननं असं बाळ काही दिवसांत पुन्हा हसायला लागतं. इथे पूरक जीवनसत्त्व हेच खरं औषध आहे.

फरक कळला का? एका ठिकाणी काय कमी आहे हे तपासून, मोजून, ठरावीक दिवस देतात. दुसऱ्या ठिकाणी काय बिघडलं हे न बघता 'काहीतरी ताकदीचं' देतात. न मोजता दिलेलं तर धोक्याचंही असतं. ए आणि डी ही जीवनसत्त्वं जास्त झाली तर शरीरात साठतात. आठवड्याला एक म्हणून दिलेली डी जीवनसत्त्वाची पुडी रोज पाजली तर लेकरू दवाखान्यात भरती करावं लागतं.

आता यातलं राजकारण बघा. बी-१२ झाडपाल्यात नसतं. ते अंडी, मांस, मासे, दूध यांत असतं. आपल्या किती आया मनानं शाकाहारी आहेत? त्या गरिबीनं शाकाहारी आहेत. बी-१२ चा स्वस्त स्रोत असलेलं मांस आपल्या ताटात पिढ्यान्‌पिढ्या होतं. त्यावर आधी बाटवल्याचा शिक्का मारला आणि २०१५ च्या कायद्यानं बैलाच्या मांसावरही बंदी आणली. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यानं शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं. काही लोकांच्या भावना दुखावल्या. जानेवारी २०२५ मध्ये शासनानं अंड्याचा निधी बंद केला आणि शाळांना सांगितलं, द्यायचं तर लोकवर्गणीतून द्या. अंगणवाडीत अंडी देणारी अमृत आहार योजना आहे, पण ती आदिवासी क्षेत्रासाठी. वाशिमच्या वस्तीतल्या लेकरासाठी नाही. सात-आठ रुपयांचं अंडं ताटातून काढायचं आणि सातशेचा डबा दुकानात मांडायचा, ही आपल्या ताटावर चालणारी ब्राह्मणी व्यवस्था आहे. दुसरा शब्द माझ्याकडे नाही.

घास अडकतो तेव्हा

न बोलण्याइतकाच न गिळण्याचा प्रश्न मोठा आहे, पण त्यावर कुणी बोलत नाही. मालेगाव तालुक्यातल्या एका घरी सेरेब्रल पाल्सीचं चार वर्षांचं लेकरू आहे. मान स्थिर नाही. वजन वाढत नाही म्हणून चिठ्ठीवर पावडर लिहिली होती. आई ती दुधात पातळ करून, लेकराला मांडीवर आडवं घेऊन बाटलीनं पाजायची. लेकरू खोकायचं, डोळ्यांतून पाणी यायचं. दर दोन महिन्यांनी छाती भरायची, न्यूमोनिया, भरती. घरच्यांना वाटायचं लेकरू अशक्त आहे म्हणून आजारी पडतं. मग आणखी पावडर.

दूध पोटात जात नव्हतं, थोडं थोडं श्वासनलिकेत जात होतं. एका थेरपिस्टनं त्या आईला अर्धा तास देऊन दाखवलं. लेकराला टेकू देऊन सरळ बसवा, मान किंचित पुढे ठेवा, पातळ नको, घट्ट वरण, घट्ट पेज द्या, छोटा चमचा घ्या, पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नका. खर्च शून्य. त्यानंतरच्या पावसाळ्यात ते लेकरू एकदाही भरती झालं नाही. तो अर्धा तास त्या लेकराला चार वर्षांनी मिळाला.

म्हणून लक्षात ठेवा. जेवताना रोज खोकला येणं, आवाज ओला होणं, जेवणाला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणं, पुन्हा पुन्हा छाती भरणं, ही गिळण्याच्या त्रासाची लक्षणं आहेत. आणि स्वमग्न लेकरू फक्त बिस्कीट आणि पांढरा भात खातं तेव्हा ते 'नखरे' करत नसतं. त्याला चव, वास, स्पर्श वेगळा जाणवतो. त्याला मारून भरवू नका. त्यातच कुणीतरी 'गहू बंद करा, दूध बंद करा' असा व्हिडिओ पाठवतो. तीनच पदार्थ खाणाऱ्या लेकराचे दोन पदार्थ बंद केल्यावर उरतं काय?

कर्माचा सिद्धांत आता डब्यातून येतो

आपल्या आयांना पूर्वी काय सांगितलं जायचं? मागच्या जन्माचं पाप, म्हणून असं लेकरू पोटी आलं. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मागच्या जन्माच्या कर्माचा हा हिशेब मुळातून नाकारला, कारण या हिशेबात दुःखी माणूसच आपल्या दुःखाचा गुन्हेगार ठरतो आणि समाज, शासन दोघंही सुटतात.

आज बाजार काय सांगतो? 'तुम्ही लेकराला योग्य पोषण देता का?' म्हणजे दोष पुन्हा आईचाच. पाप मागच्या जन्मातून या जन्मात आलं एवढंच. आई पुन्हा प्रायश्चित्त करते, पूर्वी पूजा घालायची, आता डबा आणते. आणि सुटतात कोण? ज्यांनी थेरपिस्ट द्यायचा ते.

बाबासाहेब आणि रमाई यांनी गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं गमावली. लेकराच्या दुखण्यापुढे हतबल होणं काय असतं हे त्या घराला माहीत होतं. पण बाबासाहेबांनी त्या दुःखातून नवस काढला नाही. त्यांनी हक्क काढले. वाट तीच आहे.

कागदावर काय काय आहे

६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तोही आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंत प्रत्येक लेकराची तपासणी. अंगणवाडीतल्या लेकराची वर्षातून दोनदा, शाळेतल्या लेकराची एकदा. पथकात दोन डॉक्टर, एक नर्स, एक औषधनिर्माता. ऐकू न येणं, उशिरा बोलणं, फाटलेली टाळू, स्वमग्नता हे सगळं त्यांच्या यादीत आहे. पथकानं शोधलेल्या लेकरासाठी जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे डीईआयसी. त्यात बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण व वाचातज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि समाजसेवक अशी पदं आराखड्यातच आहेत.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २१ प्रकारचं दिव्यांगत्व मानतो. त्यात वाचा व भाषा दोष आहे, स्वमग्नता आहे, सेरेब्रल पाल्सी आहे. त्याचं कलम २५ सांगतं की जवळपास, विशेषतः ग्रामीण भागात, उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत आरोग्यसेवा द्या आणि वर्षातून एकदा तरी सर्व लेकरांची तपासणी करा. केंद्राच्या निरामय विम्यात स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व असलेल्यांना वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. जन्मतः बहिऱ्या लेकरांसाठी एडिप योजनेत कॉक्लिअर इम्प्लांट आहे, पण त्याला पाच वर्षांची वयोमर्यादा आहे. म्हणून तर पावणेदोन वर्षं डब्यात घालवणं हा गुन्हा आहे.

२०१८ पासून वाशिम केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान पोहरादेवीला येऊन गेले, त्याच महिन्यात वाशिमच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटनही झालं. आकांक्षा भरपूर झाल्या. आता एका खुर्चीचा हिशेब द्या. श्रवण व वाचातज्ज्ञाच्या खुर्चीचा. त्या खुर्चीवर माणूस बसतो का, आठवड्यातून किती दिवस?

आणि आपण?

आता आपल्या घरात बोलू. आपल्या जयंतीच्या पत्रिकेत दिव्यांग लेकरांचा विषय कधी होता? आपल्या विहाराला उतार आहे का? व्हीलचेअरवरचं लेकरू वंदनेला येऊ शकतं का? आपण आरक्षणावर बोलतो, ॲट्रॉसिटीवर बोलतो, शिष्यवृत्तीवर बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण जे लेकरू शाळेच्या पायरीपर्यंत पोचतच नाही, त्याला शिष्यवृत्तीचा काय उपयोग? 'शिका' हा शब्द ऐकायला आधी कान लागतात. आणि कान नसतील तर खुणांची भाषा लागते, जी पूर्ण भाषा आहे, कमीपणाची खूण नाही.

तर कार्यकर्त्यांनो, पुढची कामं आपली.

१. टाळी आधी, डबा नंतर. सहा महिन्यांचं बाळ आवाजाकडे वळत नसेल, दीड वर्षाचं लेकरू एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांचं लेकरू दोन शब्द जोडत नसेल, तर थांबू नका. 'याचा बापही उशिरा बोलला' हे ऐकू नका. टाळी ही फक्त आपली सूचना. टाळीला वळलं म्हणून कान ठीक असं समजू नका, आधी कानाची खरी तपासणी करून घ्या.

२. अंगणवाडीत जाऊन विचारा, आरबीएसकेचं पथक शेवटचं कधी आलं होतं? नोंदवही दाखवा. आमच्या वस्तीतली किती लेकरं पुढे पाठवली आणि त्यांचं काय झालं?

३. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. दहा रुपये लागतात, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, गेल्या वर्षी किती लेकरांना वाचा-उपचार मिळाले. प्रत्येक तालुक्यातून एक अर्ज गेला तरी सहा अर्ज होतात.

४. ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत हिशेब मागा. थेरपीला जाण्याचं एसटी भाडं त्यातून द्या, असा ठराव मांडा.

५. 'लेकराला बोलतं करतो' असं सांगणाऱ्या प्रत्येकाला नोंदणी विचारा. वाचा-उपचार करणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंद असते. खोट्या दाव्याच्या जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे.

६. अंड्याचा निधी परत मागा. शाळेत आणि अंगणवाडीतही. लोकवर्गणीची भीक नको, ताटातला हक्क हवा.

डॉक्टरनं तपासून लोह, बी-१२ दिलं असेल तर ते मध्येच बंद करू नका. लेकराचं वजन खरंच घटत असेल तर आहारतज्ज्ञाचं ऐका. माझा राग औषधावर नाही. औषधाच्या जागी जो डबा बसवला आहे त्यावर आहे, आणि थेरपिस्टच्या जागी जी रिकामी खुर्ची ठेवली आहे तिच्यावर आहे.

ज्या लेकराला आम्ही डबे दिले, त्याच्या कानाला आज यंत्र आहे. तो 'आई' म्हणतो, 'पाणी' म्हणतो, बाकीचं हातांनी सांगतो. त्याची आई मला अजून भाऊ म्हणते, राग धरत नाही. एकदाच म्हणाली, "भाऊ, त्या दिवशी तुम्ही डबा नसता देल्ला अन् अकोल्याचं भाडं देल्लं असतं तं..." वाक्य तिनं पूर्ण केलं नाही. ते पूर्ण करायची जबाबदारी आपली आहे.

यंदाच्या १४ एप्रिलला वर्गणी उरली तर डबा घेऊ नका. गाडी करा, वस्तीतली न बोलणारी सगळी लेकरं त्यात बसवा आणि जिल्हा रुग्णालयाच्या दारात न्या. तपासणारा माणूस असेल तर तपासून घ्या. नसेल तर तिथून उठू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!